बिल्डर, नगरपरिषद आणि दुसरा घरमालक : इंग्लिश कायद्यातील एका हक्काचा उदय आणि अस्त

नव्या घराचा पहिला खरेदीदार आणि ते बांधून विकणारा बिल्डर यांच्यात करार झालेला असतो, त्यामुळे भिंत तडकली किंवा छत गळू लागले तर भांडण कोणत्या कागदाच्या आधारे मांडायचे हे निदान ठरलेले असते. तेच घर पुढे दुसऱ्याला विकले गेले आणि पायातील दोष त्या दुसऱ्या मालकाच्या काळात वर आला, की मात्र चमत्कारिक स्थिती उद्भवते : ज्याच्यापाशी करार आहे त्याचे काहीच बिघडलेले नसते, कारण त्याने घर चांगल्या घराच्या किमतीला विकून टाकलेले असते, आणि ज्याची आयुष्यभराची पुंजी त्या घरात अडकली आहे त्याचा बिल्डरशी एका शब्दाचाही व्यवहार झालेला नसतो. अशा दुसऱ्या मालकाला बिल्डरविरुद्ध काही हक्क आहे का, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांनी डिसेंबर १९७१मध्ये होकारार्थी दिले आणि जुलै १९९०मध्ये ते मागे घेतले. या साडेअठरा वर्षांच्या इतिहासात खटल्यामागून खटल्यात प्रतिवादीच्या जागी बिल्डर नव्हे तर नगरपरिषद उभी दिसते, आणि हक्क जसा उभा राहिला आणि जसा कोसळला त्याचे बरेचसे कारण या गैरहजेरीतच सापडते.

जुन्या कायद्याची भूमिका दोन तत्त्वांवर उभी होती. पहिले तत्त्व असे की खरेदीदाराने आपली सावधगिरी आपणच बाळगावी. विकणाऱ्याने फसवणूक केली नसेल आणि करारात हमी दिली नसेल, तर मोडकळीस आलेले घर गळ्यात पडल्याची तक्रार चालत नसे. दुसरे तत्त्व असे की करारातून निर्माण होणारे हक्क फक्त करार करणाऱ्यांनाच मागता येतात, तिऱ्हाइताला नाही. घर बांधून विकणाऱ्याला या दोन्हींचा मिळून असा आश्रय लाभला होता की निष्काळजीपणाने माणसे दगावली तरी तो सुटत असे. बॉटमली विरुद्ध बॅनिस्टर या, १९३२च्या कायदा-अहवालांत छापलेल्या खटल्यात नव्या घरातील गॅसच्या उपकरणातून निघालेल्या विषारी वायूने पती-पत्नींचा मृत्यू झाला होता, आणि तरीही अपील न्यायालयाने बिल्डरला जबाबदार धरले नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाने, डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा प्रसिद्ध निकाल दिला. स्कॉटलंडमधील पेझ्ली गावच्या एका उपाहारगृहात मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची ती तक्रार होती. पिणारीचा कोणाशीच करार नव्हता, तरीही आपल्या कृतीचा ज्यांच्यावर निकटचा परिणाम होईल अशांची काळजी उत्पादकाने घेतलीच पाहिजे, हे लॉर्ड ॲटकिन यांनी मांडलेले तत्त्व मान्य झाले आणि करार नसतानाही निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागण्याचा आधुनिक अपकृत्य कायदा त्यावर उभा राहिला. बाटली विकत घेणारी एक आणि पिणारी दुसरी, ही स्थिती घराच्या दुसऱ्या मालकाहून फारशी वेगळी नाही, असे आज सहज वाटते. न्यायाधीशांना तसे वाटायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९३६च्या ऑटो विरुद्ध बोल्टन अँड नॉरिस या खटल्यात नव्या घराचे छत खरेदीदाराच्या आईच्या अंगावर कोसळले, तेव्हा न्यायालयाने सांगितले की डोनोह्यूचे तत्त्व बाटल्यांसारख्या जंगम वस्तूंना लागू आहे, जमीन आणि घरे यांना नाही. करार खरेदीदाराच्या नावे होता आणि जखमा आईला झाल्या होत्या, एवढ्या फरकावर तो दावा फेटाळला गेला.

ही भिंत फोडणारा खटला ससेक्स परगण्यातील बॉग्नर रीजिस या समुद्रकाठच्या गावातून आला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तेथील एका बिल्डरने जुन्या कचराकुंडीच्या जागेवर, वर्षानुवर्षांच्या कचऱ्याच्या भरावावर, घर बांधले. इमारतीच्या नियमांनुसार पायाचे चर बुजवण्यापूर्वी परिषदेच्या निरीक्षकाने ते पाहून संमती द्यायची असे. त्याने ती दिली, आणि पाया एकदा झाकला गेला की त्याखाली काय आहे हे वरून पाहणाऱ्याला कळण्याचा संभवच उरला नाही. १९६०च्या आरंभी घर पहिल्या खरेदीदाराला विकले गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने ते डटन नावाच्या बाईंना विकले. त्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सर्वेक्षकालाही काही वावगे आढळले नाही. थोड्याच काळात भिंती आणि छतांना तडे गेले, जिना जागचा सरकला, दारे-खिडक्या चौकटीत बसेनात.

डटनबाईंनी दावा बिल्डर आणि परिषद या दोघांवर केला होता, परंतु त्या काळच्या कायद्याप्रमाणे घर बांधून विकणाऱ्यावरील दावा टिकणार नाही असे त्यांच्या वकिलांचे मत पडल्याने त्यांनी बिल्डरशी ६२५ पौंडांवर तडजोड केली आणि खटला एकट्या परिषदेविरुद्ध पुढे चालवला. खालच्या न्यायालयाने २,११५ पौंडांची भरपाई मंजूर केली. परिषदेने अपील केले. लॉर्ड डेनिंग हे तेव्हा अपील न्यायालयाच्या दिवाणी शाखेचे प्रमुख होते, आणि पूर्वनिर्णयाच्या ओझ्याखाली न्याय दबतो आहे असे वाटले की ते ओझे बाजूला सारण्याची त्यांची ख्याती होती. परिषदेचा युक्तिवाद चतुर होता : नुकसान घराचेच झाले आहे, ते केवळ आर्थिक आहे, म्हणजे कोणाच्या शरीराला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा झालेली नाही, आणि शिवाय खुद्द बिल्डर जबाबदार नसताना त्याच्यावर देखरेख करणारा कसा जबाबदार होईल? डेनिंग यांनी हा दुसरा मुद्दा मान्य केला आणि त्यातूनच उलटा निष्कर्ष काढला. बिल्डर आणि परिषद एकत्र बुडतात किंवा एकत्र तरतात, हे खरे असेल तर बिल्डरला मिळालेला आश्रयच चुकीचा आहे, असे म्हणून त्यांनी बॉटमली आणि ऑटो हे दोन्ही निर्णय गैरलागू ठरवले. घर खचणे हे भौतिक नुकसानच होय, असे त्यांनी सांगितले; छत अंगावर पडून माणूस जखमी झाला तर भरपाई द्यायची आणि त्याने वेळीच दुरुस्ती करून घेतली तर द्यायची नाही, हा भेद त्यांना अग्राह्य वाटला.

या निकालातील उपरोध डटनबाईंच्या वाट्याला आला. बिल्डरविरुद्ध हक्क नाही असे समजून त्यांनी ज्या बिल्डरला ६२५ पौंडांत मोकळे केले, त्याच्याविरुद्ध हक्क आहे हे त्यांच्याच खटल्याने प्रस्थापित केले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा हक्क जन्माला आला तोच परिषदेच्या जबाबदारीचा एक टप्पा म्हणून. बिल्डर न्यायालयात बोलायला हजरच नव्हता. घर बांधणारी छोटी कंपनी काम संपले की गुंडाळली जाते, व्यक्ती असेल तर दिवाळखोर होते. परिषद मात्र जागची हलत नाही, आणि तिच्या तिजोरीत करदात्यांचा पैसा असतो. डटन निकालानंतरच्या वकिलांनी हे ओळखले नसते तरच नवल.

त्याच सुमारास संसदही या प्रश्नाकडे वळली होती. इंग्लंडच्या विधी आयोगाने १९७०मध्ये दिलेल्या अहवालावरून १९७२चा सदोष वास्तू अधिनियम, म्हणजे डिफेक्टिव्ह प्रिमायसेस ॲक्ट, संमत झाला आणि १ जानेवारी १९७४पासून लागू झाला. त्याच्या पहिल्याच कलमाने राहते घर बांधणाऱ्यावर असे कर्तव्य टाकले की काम कौशल्याने, योग्य सामानाने आणि घर वास्तव्यास योग्य होईल असे केले पाहिजे. आणि हे कर्तव्य घर बांधून घेणाऱ्यापुरते न ठेवता पुढे त्या घरात हितसंबंध मिळवणाऱ्या प्रत्येकाप्रती असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले. कागदावर दुसऱ्या मालकाला यापेक्षा जास्त काही मागण्यासारखे नव्हते. परंतु दुसऱ्या कलमाने सरकारमान्य हमी योजनेखाली बांधलेली घरे वगळली, आणि नव्या घरांपैकी फार मोठा हिस्सा गृहबांधणी मंडळाच्या दहा वर्षांच्या अशाच योजनेखाली येत असल्याने कायदा जन्मतःच अरुंद झाला. शिवाय दाव्याची मुदत घर पूर्ण झाल्यापासून मोजायची होती आणि ती सहा वर्षांची होती, दोष दिसो वा न दिसो. पाया खचायला सात-आठ वर्षे लागली की हा कायदा कोणाच्याही उपयोगाचा राहत नसे.

त्यामुळे लोक न्यायाधीशांनी घडवलेल्या वाटेनेच जात राहिले, आणि १९७७मध्ये ॲन्स विरुद्ध मर्टन या, पुन्हा नगरपरिषदेवरच्याच, खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ती वाट रुंद केली. दक्षिण लंडनमधील विम्बल्डन येथे १९६२मध्ये बांधलेल्या सात सदनिकांच्या दुमजली इमारतीचा पाया मंजूर नकाशात दाखवलेल्या तीन फूट किंवा अधिक खोलीऐवजी अडीच फुटांवरच थांबवला होता, आणि १९७०मध्ये तडे व फरशीचा उतार दिसू लागला. दावेदारांपैकी काहींनी भाडेपट्टे मूळ पट्टेदारांकडून नंतर विकत घेतले होते. लॉर्ड विल्बरफोर्स यांनी दिलेल्या निकालात जवळीक दिसली की काळजीचे कर्तव्य गृहीत धरायचे आणि ते टाळायला काही सबळ कारण आहे का हे मग पाहायचे, अशी दोन पायऱ्यांची कसोटी मांडली गेली. त्याआधीच्या वर्षी इंग्लंडमध्ये मोठे अवर्षण पडले होते, लंडनखालची चिकणमाती सुकून आकसली होती, आणि १९७१पासून घरविम्यात जमीन खचण्याचे संरक्षण सामील करू लागलेल्या विमा कंपन्यांपुढे दाव्यांचा ढीग पडला होता. दावेदाराला पैसे देऊन त्याच्या जागी उभे राहण्याचा आणि त्याच्या नावाने खटला चालवण्याचा विमा कंपनीचा हक्क, ज्याला सबरोगेशन म्हणतात, तो वापरून या कंपन्या आता परिषदांकडे वळू शकत होत्या.

मुदतीचा प्रश्न तेवढा अवघड राहिला. १९८३मध्ये एका कारखान्याच्या धुराड्याला पडलेल्या, कोणालाही न दिसलेल्या तड्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की मुदत नुकसान झाल्या दिवसापासून सुरू होते, ते कळल्या दिवसापासून नाही. म्हणजे तक्रार करण्याचा हक्क असल्याचे समजण्याआधीच तो संपू शकतो. यावर संसदेने १९८६चा सुप्त हानी अधिनियम केला. दोष कळल्यापासून तीन वर्षे आणि कमाल पंधरा वर्षे अशी मुदत त्याने दिलीच, शिवाय तिसऱ्या कलमात नेमका दुसरा मालकच डोळ्यांसमोर ठेवून असे लिहिले की आधीच्या मालकाच्या काळात न कळता नुकसान झाले असेल, तर ते कळण्यापूर्वी मालमत्ता घेणाऱ्याला दाव्याचे नवे कारण मिळेल. कायदा करणाऱ्यांनी डटन आणि ॲन्स हे निकाल पक्के धरून त्यांवर आपली इमारत बांधली होती. चार वर्षांनी न्यायाधीशांनी खालची जमीनच काढून घेतली.

माघारीची पहिली मोठी खूण १९८८च्या डी अँड एफ इस्टेट्स या खटल्यात दिसली. लंडनच्या चेलवुड हाउस या इमारतीत उपकंत्राटदाराने प्लास्टर उत्पादकाच्या सूचनांविरुद्ध लावल्यामुळे ते भिंतीपासून सुटले होते. दुरुस्तीचा खर्च मुख्य कंत्राटदाराकडून मिळणार नाही, असे ठरले. वस्तू स्वतःच सदोष निघाली तर ती निकृष्ट माल मिळाल्याची तक्रार आहे, अपकृत्याची नाही, आणि तिची जागा करारातच आहे, ही लॉर्ड ब्रिज यांची भूमिका होती. ॲन्सला अद्याप उघडपणे हात लावलेला नव्हता, परंतु दोन्ही निकाल एकत्र टिकणे कठीण आहे हे वाचणाऱ्याला कळत होते.

शेवटचा घाव एसेक्समधील ब्रेंटवुड येथील एका जोडघरावर पडला. भराव टाकलेल्या जमिनीवर काँक्रीटच्या सलग तराफ्यासारख्या पायावर बांधलेले हे घर मर्फी नावाच्या गृहस्थांनी १९७०मध्ये नवे विकत घेतले. परिषदेने तराफ्याची गणिते सल्लागार अभियंत्यांकडून तपासून घेतली होती आणि ती तपासणीच चुकली होती. १९८१मध्ये पाया वाकला, भिंती तडकल्या, गॅसचा नळ फुटला आणि सांडपाण्याच्या नळातून जमिनीत पाणी झिरपू लागले. दुरुस्ती दोन्ही घरांची मिळून करावी लागणार होती, पण शेजारी वाटा उचलायला तयार नव्हता. शेवटी १९८६मध्ये मर्फी यांनी घर आहे त्या अवस्थेत ३०,००० पौंडांना विकले. धडधाकट घराच्या किमतीपेक्षा ती ३५,००० पौंडांनी कमी होती. ही तूट त्यांच्या विमा कंपनीने भरून दिली आणि मर्फी यांच्या नावाने परिषदेवरचा खटला चालू ठेवला. नावाला तो एका घरमालकाचा आणि त्याच्या नगरपरिषदेचा वाद होता. प्रत्यक्षात जमीन खचण्याचा विमा हप्ता घेऊन उतरवणारी कंपनी तोच खर्च करदात्यांच्या माथी मारू पाहत होती.

हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यासाठी सात न्यायाधीशांचे पीठ बसवले, लॉर्ड चान्सलर मॅके हे त्याचे अध्यक्ष होते, आणि २६ जुलै १९९० रोजी एकमताने ॲन्स रद्द केला, डटनही त्याबरोबर गेला. स्वतःचा आधीचा निर्णय मोडण्याची मुभा या न्यायपीठाने १९६६मध्येच स्वतःला दिली होती, पण ती क्वचितच वापरली जात असे. निकालाचे सूत्र असे की दोष सुप्त असेपर्यंत घर धोक्याचे असते आणि त्या काळात कोणी जखमी झाले तर बांधणारा जबाबदार होऊ शकतो. परंतु दोष एकदा उघड झाला की मालकाला धोका टाळता येतो, मग उरतो तो केवळ दुरुस्तीचा खर्च किंवा घटलेली किंमत, आणि ही केवळ आर्थिक हानी होय. कोणाचे घर किती वर्षे टिकले पाहिजे याची हमी करार देऊ शकतो किंवा कायदेमंडळ देऊ शकते, आणि १९७२चा अधिनियम करून संसदेने ती मर्यादा आखलेली असताना न्यायाधीशांनी ती ओलांडू नये, असेही सांगितले गेले. लॉर्ड ब्रिज यांनी एवढी एक फट ठेवली की इमारत रस्त्याला किंवा शेजाऱ्याला धोका देत असेल तर तो टाळण्याचा खर्च कदाचित मागता येईल. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात, कमकुवत काँक्रीटच्या कार्यालयीन इमारतीबाबत, हाच नियम थेट बिल्डरला लावण्यात आला. डेनिंग यांनी परिषद आणि बिल्डर यांना एका दोरीने बांधले होते; परिषदेला सोडवताना लॉर्ड्सनी दोरी कापली नाही, दोघांनाही सोबत सोडले. विमा कंपन्या आणि नगरपरिषदा यांच्या हिशेबात हा निकाल न्याय्य म्हणता येईल, पण विमा नसलेल्या दुसऱ्या मालकाचा विचार त्यात कडेला राहिला, हे नाकारता येत नाही. व्यापारी इमारती विकत घेणाऱ्यांनी यापुढे कंत्राटदाराकडून स्वतंत्र हमीपत्रे लिहून घेण्याचा मार्ग काढला. सामान्य घर घेणाऱ्याच्या हाती तेवढा जोर नव्हता.

इंग्लिश कायद्याचा वारसा सांगणाऱ्या इतर देशांनी मर्फीचा निकाल निमूट स्वीकारला नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९५मध्ये टास्मानियातील एका घराच्या तिसऱ्या मालकिणीला बिल्डरकडून भरपाई मिळवून दिली. त्याने ते घर १९७९मध्ये आपल्या मेव्हणीसाठी बांधले होते आणि त्याचा पाया त्या चिकणमातीला पुरा पडणारा नव्हता. पुढे तेथील न्यायालयाने ही उदारता व्यापारी इमारतींपर्यंत न्यायला नकार दिला. कॅनडात त्याच वर्षी विनिपेगच्या पंधरा मजली इमारतीचा खटला लागला : १९८९मध्ये नवव्या मजल्याच्या उंचीवरून दगडी आवरणाचा वीस फूट लांबीचा तुकडा खाली कोसळला होता, सुदैवाने कोणी सापडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धोका दूर करण्याचा खर्च नंतरच्या मालकांच्या संस्थेला मिळालाच पाहिजे, कारण वेळीच दुरुस्ती करणाऱ्याला शिक्षा आणि अपघाताची वाट पाहणाऱ्याला बक्षीस देणारा कायदा कोणाच्याच हिताचा नाही. डेनिंग यांचा तर्क मायदेशात गाडला गेला होता, तो येथे पुन्हा उभा राहिला.

भारतात हा प्रश्न अपकृत्याच्या वाटेने फारसा गेलाच नाही. तो विशेष कायदे आणि ग्राहक मंच यांच्याकडे वळला. महाराष्ट्राच्या १९६३च्या सदनिका अधिनियमात, म्हणजे बोलीभाषेतील मोफात, ताब्यापासून तीन वर्षांच्या आत कळवलेला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून देण्याची तरतूद होती, आणि गच्ची, लिफ्ट किंवा बाहेरच्या भिंतींची गळती यांबाबतचे भांडण सहसा सोसायटीच्या नावाने लढवले जात असल्याने रीसेलमध्ये सभासद झालेल्याचा प्रश्न निम्मा तेथेच मिटत असे. २०१६च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे रेराने, ही मुदत पाच वर्षांची केली, तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्तीचे बंधन घातले आणि ज्याच्या नावे सदनिका आहे त्या 'वाटपग्राही' या संज्ञेत नंतर विक्रीने किंवा हस्तांतराने ती मिळवणाऱ्याचाही समावेश केला. मात्र पाच वर्षे मोजायची ती ताब्यापासून. रीसेलच्या खरेदीखतापासून नव्हे. नंतरच्या खरेदीदाराला बिल्डरविरुद्ध दाद मागताच येत नाही असा सरसकट नियम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१मध्ये लॉरिएट बिल्डवेल विरुद्ध चरणजीत सिंह या खटल्यात सांगितले. तो वाद मात्र दोषाचा नव्हता, ताब्याला झालेल्या विलंबाचा होता.

इंग्लंडमध्ये बदल घडायला एक भयंकर दुर्घटना व्हावी लागली. १४ जून २०१७च्या पहाटे लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली, बाहेरच्या ज्वालाग्राही आवरणावरून ती वर चढली आणि ७२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर देशभर तपासण्या सुरू झाल्या तेव्हा असंख्य सदनिकाधारकांना आपापल्या इमारतींवरही तसेच आवरण असल्याचे कळले. त्यांतल्या कित्येकांनी सदनिका दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतल्या होत्या, १९७२च्या अधिनियमाची सहा वर्षे केव्हाच उलटून गेली होती आणि मर्फीमुळे दुसरी वाट बंद होती. २०२२च्या इमारत सुरक्षा अधिनियमाने ती मुदत यापुढच्या दाव्यांसाठी पंधरा वर्षांची केली आणि २८ जून २०२२पूर्वी उद्भवलेल्या दाव्यांसाठी मागे जाऊन तीस वर्षांची. संपलेली मुदत पुन्हा जिवंत करणे हे कायद्यात फार क्वचित घडते, आणि म्हणून प्रतिवादीच्या मानवी हक्कांचा भंग होत असेल तर दावा फेटाळण्याचा अधिकारही न्यायालयाला देण्यात आला. याच अधिनियमाच्या १३०व्या कलमाने न्यायालयाला असाही आदेश देता येऊ लागला की घर बांधणारी मूळ कंपनी विसर्जित झाली असली तरी तिची जबाबदारी तिच्या सहयोगी किंवा पालक कंपनीवर पडेल. एका प्रकल्पापुरती कंपनी स्थापून काम संपताच ती मिटवण्याच्या प्रथेला हे उत्तर होते; मूळ कंपनी मिटल्यावरही, नगरपरिषदेला मध्ये न ओढता, नंतरच्या मालकाला तिच्या मागच्या कंपनीपर्यंत पोचण्याची सोय त्यामुळे कायद्यात लिहिली गेली.